न फिरवल्यामुळे

“खेच! लगाम खेच!” मी कुंपणाबाहेरून ओरडलो आणि लेकीनं माझं ऐकलं. एरवी ती ऐकत नाही. दुधाचा ग्लास विसळून ठेव, हे तिला तीनदा सांगावं लागतं. पण त्या रविवारी घोड्याच्या पाठीवर, हेल्मेट भुवयांपर्यंत घसरलेलं असताना, तिनं बापाच्या पहिल्या हाकेला दोन्ही मुठींनी लगाम पोटाशी आवळला. घोडा तोवर दुडक्या चालीनंच चालला होता. जरा जास्त झपाट्यानं, इतकंच. लगाम आवळला गेला मात्र, त्याची मान ताठ झाली, मागचा भाग खाली बसल्यासारखा झाला आणि माझ्यासमोरून काहीतरी तपकिरी, गरम, घामाच्या वासाचं निघून गेलं. टापांचा आवाज कानांना नंतर आला, आधी तळपायांना कळला. मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात लेक एका अंगाला कलंडली, वाळूत पडली आणि लगेच उठून बसली. कोपराचं सालपट निघालं, बाकी काही नाही. घोडा रिकामाच आणखी दीड फेरी पळाला आणि मग कुणी न सांगता थांबला. नाकपुड्या लाल, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

सायस धावला नाही. पुस्तकी मराठीत मोतद्दार म्हणतील, इथं सगळे सायसच म्हणतात. घोड्यांची निगा राखणारा, बार्शीकडचा, साठीतला माणूस. उमेदीची सगळी वर्षं रेसच्या तबेल्यांत गेलेली. तो चालतच गेला. आधी लेकीकडे एक नजर टाकली, मग घोड्याच्या डोळ्यांत न बघता, खांदा पुढे करून, तिरपा तिरपा त्याच्याजवळ सरकला. त्याला धरून परत येताना माझ्यापाशी क्षणभर थांबला आणि आवाज न चढवता म्हणाला, “सायेब, तुमी वरडला म्हनून ताईनं वढलं. ह्येला वढलं की पळायचं, येवढंच ठावं हाय.”

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. पाच महिने झाले, अजून गेलेलं नाही.

त्याचा अर्थ नंतर शिकवणाऱ्या मॅडमनी समजावला. शर्यतीच्या घोड्याला लगाम हा थांबायचा इशारा नसतोच. दीड-दोन वर्षांचा असल्यापासून त्याला उलटंच शिकवलेलं असतं. जॉकीनं लगाम आखडून धरला की तोंडातल्या कडीवर भार टाकायचा, तिच्यावर रेलायचं आणि त्या आधारानं आणखी पळायचं. लगाम सैल पडतो तेव्हा काम संपलेलं असतं. म्हणजे ‘घोडा उधळला’ असं जे मी बायकोला फोनवर सांगितलं ते खोटंच होतं. घोड्यानं हुकूम पाळला, लेकीनंही पाळला. हुकूम देणाऱ्याला तेवढं त्यातलं काही कळत नव्हतं. बायकोला मात्र मी ते अजून दुरुस्त करून सांगितलेलं नाही.

आमच्या घरात घोड्याचं नाव काढायची सोय नव्हती. वडील कँपातल्या एका कचेरीत कारकून. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, पावसानं जोर धरला, की मुंबईचे घोडे पुण्यात यायचे आणि वडिलांचे शनिवार-रविवार आमचे राहायचे नाहीत. पुण्याच्या रेसचा मोसम पावसाळ्यातला. हिवाळ्यात सगळा बारदाना पुन्हा महालक्ष्मीला. वर्गातल्या बाकीच्या पोरांना पावसाळा म्हणजे सिंहगड आणि भजी, आम्हाला पावसाळा म्हणजे आईवडिलांतला अबोला. श्रावणातल्या एका रविवारी, मी सात-आठ वर्षांचा असेन, वडील आपणहून म्हणाले, चला, एम्प्रेस गार्डनला जाऊ. आईला इतका आनंद झाला की तिनं पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि वर रव्याचे लाडू असा डबा भरला. एका जुन्या झाडाखाली सतरंजी अंथरून होते न होते तोच वडील ‘आलोच’ म्हणून उठले. बाग रेसकोर्सला लागूनच आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आईला असावं. थोड्या थोड्या वेळानं झाडांपलीकडून आवाज यायचा. आधी गुणगुण, मग पत्र्यावर पाऊस वाढत जावा तशी वाढत गेलेली आरोळी, मग एकदम काहीच नाही. प्रत्येक आरोळीनंतर आई डब्याचं झाकण उघडायची आणि पुन्हा लावायची. मला वाटायचं, तिला भूक लागलीय. अशा सहा की सात आरोळ्या झाल्या. वडील परतले तेव्हा छत्री हरवली होती, विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि ते आमच्याशी फार प्रेमानं बोलत होते.

त्या दिवाळीत आईच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. कुणी काही विचारलं नाही. “घोड्यांनी खाल्ल्या,” एवढंच तिनं एकदा, पुष्कळ वर्षांनी, मेथी निवडता निवडता सांगितलं, आणि काडी आणि पानं वेगळी करत राहिली.

पुढे वडील गेले, वाडा पाडून तिथं इमारत उभी राहिली, रेस सुटली की सोडवली गेली ते मला कधीच कळलं नाही. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरसुद्धा घोडा चालत नसे तो आजतागायत. शेजारच्या काकू ‘चला, एकदाचं गंगेत घोडं न्हालं’ म्हणाल्या तरी आई उठून आत जायची. अशा घरातली नात घोड्याच्या नादी लागली. दहाव्या वाढदिवसाला मावशीनं हौसेनं आठ शिकवण्यांची भेट दिली आणि आठाच्या ऐंशी झाल्या. आईला आम्ही पहिलं वर्षभर ‘पोहायला जाते’ असं सांगितलं. पोहून आलेल्या मुलीच्या अंगाला लीद आणि सुक्या गवताचा वास का येतो, हे आईनं विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची परंपरा जुनी आहे.

घोडेस्वारी शिकायची ही जागा लोहगावच्या मागे, वडगाव शिंद्याच्या रस्त्याला. पत्र्याचे डझनभर तबेले, वाळूचं एक मैदान, चार कडुनिंब आणि डोक्यावरून हवाईदलाची विमानं. नव्या माणसाला वाटतं, या आवाजानं घोडे बिथरत असतील. ती विमानं त्यांना आठवड्याभरात सवयीची होतात. बिथरतात ते वेफर्सच्या रिकाम्या पाकिटाला. त्या रविवारचा घोडा, टिळ्या, इथं आला तो पुण्याचा मोसम संपता संपता. बाकीचे घोडे ट्रकात चढून मुंबईला गेले आणि हा पुढचा उजवा पाय उचलून धरत इथं उतरला. पायाच्या नळीच्या हाडामागची शीर, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, फाटली होती. पायाला मागून केळ्यासारखा बाक आला होता. ती शीर भरून येते, पण पहिल्यासारखी लवचीक होत नाही. म्हणजे रेस संपली, वयाच्या सहाव्या वर्षी. शर्यतीतलं त्याचं नाव भलतंच राजेशाही, इंग्रजी. मोकळ्या जागा धरून अठरा अक्षरांत नाव बसवायचा नियम असतो, हे मला लेकीनं सांगितलं. कपाळावर पांढरा उभा टिळा, म्हणून तिनं त्याला टिळ्या केलं. यात लोकमान्यांचा अवमान होतो की काय, अशी शंका आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी काढलीच. पुण्यात राहायचं तर तेवढं चालायचंच.

माझी समजूत होती की घोड्याला शिकवणं म्हणजे पहिल्या दिवसापासून पाठीवर बसणं. पहिले तीन महिने कुणीच बसलं नाही. शर्यतीचा घोडा दिवसाचे बावीस-तेवीस तास तबेल्यात काढतो, पहाटे काळोखात तास-दीड तास बाहेर, तोही इतर घोड्यांच्या रांगेत. खुराक असा की अंगात सतत ठिणग्या. त्या अंगातून रेस उतरायलाच महिने लागतात. सायसनं ओटचा तोबरा हळूहळू कमी केला, सुकं गवत वाढवलं. नालबंदानं पायांचे नाल काढले. रेसचे नाल ॲल्युमिनियमचे, हातात घेतले तर खेळण्यातले वाटावेत इतके हलके. लेकीनं त्यातला एक अभ्यासाच्या टेबलावर आणून ठेवला. झाडू मारताना तो आईच्या हाताला लागला. आता पोहण्याचं काय सांगायचं, या विचारानं मी स्वयंपाकघरात गारठून उभा. आईनं नाल उलटासुलटा केला, तळहातावर तोलला आणि जागेवर ठेवताना म्हणाली, “लोखंडाचा तरी असायचा.”

त्या तीन महिन्यांत लेकीचं काम म्हणजे नळीनं पायावर पाणी सोडणं. वीस मिनिटं. डिसेंबरातल्या लोहगावच्या सकाळी गार पाणी, ओले बूट, बोटं सुरकुतलेली, आणि तिच्या डोक्यावर त्या प्राण्याचा श्वास. ती कंटाळून सोडून देईल, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तशी आशा होती, कारण फी कमी नव्हती. पण ती त्या वीस मिनिटांत त्याच्याशी बोलत राहायची. गणिताच्या बाईंबद्दल, मैत्रिणीशी झालेल्या भांडणाबद्दल. ज्या गोष्टी मी गाडीत विचारल्या की ‘काही नाही’ असं उत्तर यायचं, त्या मला पाण्याच्या आवाजाआडून, कुंपणापलीकडून कळायच्या. पाण्यानंतर खरारा. मानेच्या बुडाशी, खांद्यांमध्ये जो उंचवटा असतो तिथं खाजवलं की टिळ्या मान लांब करी, वरचा ओठ पुढे काढून थरथरवी, आणि अर्धा टन वजनाचा तो उमदा प्राणी कवळी काढलेल्या आजोबांसारखा दिसू लागे. ती जागा लेकीनं शोधली. सायसलाही ठाऊक नव्हती. “आमाला कुठला यवडा येळ,” तो म्हणाला. त्याच्या हाताखाली एकेका वेळी तीन-तीन घोडे असायचे.

टिळ्याला एक खोड होती. तबेल्याच्या दाराच्या फळीवर वरचे दात टेकवायचे, मान ताणायची आणि ‘ऑक’ असा आवाज काढत घशाशी हवा ओढायची. पुन्हा पुन्हा, तासन्‌तास. फळीला अर्धचंद्राकृती खाच पडली होती. मी विचारलं, आजारी आहे का? सायस म्हणाला, “न्हाय. रिकामपनाचं येसन. येकदा लागलं की जात न्हाय सायेब, कमी हुतं.” मला एकदम आमच्या वाड्याची गॅलरी आठवली. मोसम संपल्यावरच्या रविवारी वडील तिथं कठड्याला हात टेकून, विड्या ओढत, रस्त्याकडे बघत उभे असायचे. तास तास. कुणी हाक मारली तर दचकायचे.

बसणं सुरू झालं तेव्हा कळलं की टिळ्याला उभं राहता येत नाही. रेसमध्ये घोडा चालता चालताच कुणीतरी जॉकीचा पाय धरून त्याला वर फेकतं. स्टुलावर चढून कुणी सावकाश रिकिबीत पाय घालतंय आणि आपण तोवर गप्प उभं राहायचंय, हे त्याच्या गावीच नव्हतं. तीन आठवडे लेक नुसती स्टुलावर चढायची, त्याच्या पाठीवर हात ठेवायची आणि उतरायची. पोटाला माणसाचा पाय लागणंही त्याला नवीन होतं. जॉकी गुडघे दुमडून वरच्या वर बसतो. एकट्यानं चालणं नवीन होतं. आणि डावीकडे वळणं तर जवळजवळ अशक्य. वर्षानुवर्षं एकाच अंगाला वळत पळालेला तो देह, दुसऱ्या अंगाला वळवला की गंजलेल्या बिजागरीसारखा अडायचा. खांदा बाहेर टाकायचा, मान वाकडी करायचा, मग थांबूनच जायचा.

हे लेक एकदा जेवताना सांगत होती. आतापर्यंत पोहण्याचं नाटक संपलं होतं, पण आई या विषयावर बोलत नसे. ताटात बघत असे. त्या दिवशी भात कालवता कालवता तिनं, कुणालाच उद्देशून नाही असं, विचारलं, “भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला?” आम्ही लहानपणी हजारदा ऐकलेलं कोडं. उत्तर तिघांना एकच, न फिरवल्यामुळे. लेकीनं ते पहिल्यांदाच ऐकलं. ती घास हातात धरून आजीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पण हे खरंच आहे, आजी! आम्ही त्याला हेच करतोय, रोज डावीकडे फिरवतोय.” आमच्यासाठी ते कोडं होतं, शब्दांची गंमत. घोडा अडण्याचा घोड्याशी काही संबंध असेल, हे मला पन्नाशीपर्यंत सुचलं नव्हतं.

डावीकडचं काम लांब दोरीवर चालायचं. मध्ये सायस किंवा मॅडम, हातात दोरी, आणि भोवती वर्तुळात घोडा. काही दिवसांनी मॅडमनी दोरी लेकीच्या हातात दिली. वाळूत पायांची एक गोल पाऊलवाट उमटायची. सायसला ते बघताना वारीतलं रिंगण आठवायचं. त्यानं पुरंदवड्याचं गोल रिंगण पाहिलंय. पुढे जरीपटका घेतलेल्या स्वाराचा घोडा आणि मागून माउलींचा अश्व, पाठीवर कुणी नाही, पळत येऊन त्याला गाठतो, आणि मग टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. “त्येच्यावर माउली बसल्याली असत्यात,” सायस म्हणाला, “म्हनून त्येला वढायला लागत न्हाय.” मी हसलो. तो हसला नाही. माझं हसू चुकलं हे मला कळलं. पण बोलावं काय ते सुचेना, म्हणून मी चहा सांगितला.

निवृत्त झाल्यावर बाकीचे कुठं जातात, असं लेकीनं एकदा गाडीत विचारलं. मी काही काही सांगितलं. नामवंत घोडे पैदाशीला, नशीबवान ते अशा शिकवणीच्या जागी, कुणी माथेरानला, कुणी लग्नाच्या वरातीत बँडपुढे. आणखीही कुठं कुठं जात असतील, ते मी सांगितलं नाही. सीरमची गोष्ट मात्र रंगवून सांगितली, कारण ती पुण्याची आहे. पूनावालांचा स्टड फार्म १९४६ सालचा. तिथले कामातून गेलेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला देत, तिथं त्यांच्या रक्तापासून औषधी सीरम बनायचं. हे आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. करोनात अख्ख्या गावानं दंडात टोचून घेतली त्या लशीच्या कारखान्याचं मूळ असं घोड्यांच्या तबेल्यात आहे. सापाच्या विषावरचं औषध आजही घोड्याच्याच रक्तातून येतं. त्याला थोडं थोडं विष टोचत जातात, तो ते पचवतो, आणि त्याच्या रक्तात जे तयार होतं ते माणसाला वाचवतं. “म्हणजे गुहागरच्या मामाआजोबांना फुरसं चावलं होतं तेव्हा?” लेक म्हणाली. हो, तेव्हाही. हे तिनं घरी जाऊन आजीला सांगितलं. आपल्या सख्ख्या भावाच्या अंगात घोड्याचं काही गेलंय, हे आईला त्या दिवशी प्रथम कळलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तेवढं एक फेडलंनीत म्हणायचं.”

मला या सगळ्यात आनंदच होता, असं लिहिलं तर ते अर्धं खरं होईल. महिन्याच्या फीच्या आकड्याशेजारी सायसचा पगार ठेवून बघितला की घशात काहीतरी अडकतं. टिळ्याला लेकीनं घडवलं असं आम्ही नातेवाइकांत सांगतो. पहाटे चारला उठून त्याच्याखालची लीद काढणारा माणूस त्या गोष्टीत नसतो. शिवाय घोडा आमचा नाही. उद्या कुणी बरा पैसा दिला तर तो एका दुपारी ट्रकात चढेल. लेकीला हे माहीत आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “म्हणूनच तर त्याला सगळं यायला पाहिजे ना. कुणीही बसलं तरी.” बारा वर्षांच्या मुलीनं इतकं शहाणं असू नये, असं वाटून मला उगाच वाईट वाटलं.

जूनमध्ये एका रात्री मी त्याचं रेसमधलं नाव इंटरनेटवर शोधलं. चोरून, घरच्यांना झोप लागल्यावर, जसं काही मी पैसे लावायलाच बसलो होतो. एका जुन्या शर्यतीचं चित्रण सापडलं. पावसाळी उजेड, ओलं हिरवं गवत, रंगीबेरंगी ठिपके. निवेदक इंग्रजीत इतक्या वेगानं बोलत होता की त्यातून एक टिळ्याचं नाव तेवढं वर यायचं. शेवटच्या वळणावर तो पुढे होता. मग मागून दोघं आले, मग तिसरा. चौथा नंबर. पण माझं लक्ष आवाजाकडे होतं. गुणगुण, चढत गेलेली आरोळी, आणि एकदम काहीच नाही. मी लॅपटॉप मिटून अंधारात बसलो. चौथ्या नंबरच्या घोड्यावर लावलेलं कुणाचं काय काय गेलं असेल त्या दिवशी. कुणाची छत्री, कुणाचा महिना. सकाळी लेकीला म्हटलं, मी टिळ्याची रेस बघितली. ती दात घासत होती. तोंडातल्या फेसासकट म्हणाली, “मी सगळ्या बघितल्यात. त्यात त्याचे कान बघ. पूर्ण वेळ मागे आहेत.”

ऑगस्टमधली एक सकाळ. रिपरिप थांबली होती, वाळू ओली, जड. शेजारच्या शेडवर घातलेली ताडपत्री वाऱ्यानं एकदम फडफडली आणि टिळ्या उडाला. बाजूला, मग पुढे. कुंपणाच्या पाइपवर माझे हात होते. पाइप गार होता एवढं आठवतं. जीभ टाळ्याला लावून मी उभा राहिलो. ‘खेच’ हा शब्द घशातून ओठांपर्यंत आला होता, त्याची चव लागली मला. लेकीचे हात पुढे गेले. लगामाचा बाक सैल पडला. टिळ्या थांबला वगैरे नाही. चांगली अर्धी फेरी पळाला, तोंड वर, डोळे पांढरे. ती त्याला गोलात घेत राहिली. डावीकडे. आधी मोठा गोल, मग लहान, मग आणखी लहान, आणि तो दुडकीवर आला, मग चालीवर, मग मान खाली घालून मोठ्यानं फुरफुरला. सायस तबेल्याच्या दारात बादली घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, घोड्याकडे नाही. मग बादली उचलून आत गेला.

दसऱ्याला तिथं घोड्यांची पूजा असते. आदल्या दिवशी जेवताना आई म्हणाली, “उद्या मी येत्ये.” कुणी चकार शब्द काढला नाही, लेकीनं तेवढी माझ्या पायावर टेबलाखालून लाथ मारली. सकाळी आईनं इरकली नेसली, पिशवीत आपट्याच्या पानांची जुडी घेतली. गाडीत गप्प होती. तबेले सारवल्यासारखे धुतलेले, दारांना झेंडूचे हार, घोड्यांच्या कपाळांवर हळदकुंकू. टिळ्याच्या पांढऱ्या टिळ्यावर ते उठूनच दिसत होतं. सायसनं आईच्या पायांना हात लावला. आईनं त्याला आपट्याची दोन पानं दिली, “सोनं घ्या.” मग ती टिळ्याच्या दारापुढे जाऊन उभी राहिली. फळीवरची खाच तिनं बोटानं चाचपली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई आयुष्यात प्रथमच घोड्याच्या इतक्या जवळ उभी होती. टिळ्यानं मान खाली आणली आणि तिचा पदर, मग पिशवी, मग पान धरलेली चिमूट हुंगली.

“ह्याच्यावर कोण कोण हरलं असेल रे,” ती म्हणाली. मला की त्याला, ते कळलं नाही.

“आजी, चिमटीत नको धरूस, चावेल चुकून. हात सपाट कर. असा,” लेक म्हणाली आणि तिनं आजीचं मनगट धरून तळहात उघडला. त्या मनगटावर एक काचेची बांगडी आणि घड्याळ. तळहातावर आपट्याचं पान. टिळ्याचा ओठ पुढे आला, तळहातावरून एकदाच फिरला, आणि पान गेलं. आई दचकली नाही. तिनं ओला तळहात पदराला पुसला आणि जुडीतून दुसरं पान काढलं.

“परत सोनं खाल्लंन्,” ती म्हणाली आणि हात पुन्हा सपाट केला.